मॉक चंक ते जिम थॉर्प : पेनसिल्व्हेनियातील एका लहान नगराचा रेल्वेवारसा आणि ऐतिहासिक स्थानक

१. प्रस्तावना

रेल्वेच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः महानगरांतील भव्य स्थानके, मोठ्या कंपन्या आणि लांब पल्ल्याचे मार्ग यांकडे जाते. लहान गावातील स्थानकाचा उल्लेख झालाच तर तो एखाद्या तळटीपेपुरता असतो. वस्तुतः रेल्वेने समाजजीवनात घडवून आणलेले बदल लहान गावात अधिक स्पष्टपणे दिसतात. महानगराला जगण्याचे अनेक आधार असतात. ज्या गावाचा जन्मच वाहतुकीसाठी झाला त्याचा उदय, वैभव आणि ऱ्हास हे तिन्ही रेल्वेच्या रुळांशी बांधलेले असतात.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी पेनसिल्व्हेनिया या राज्यातील जिम थॉर्प हे असेच एक नगर आहे. कार्बन काउंटी या जिल्ह्याचे हे मुख्य ठिकाण असून लीहाय नदीच्या अरुंद खोऱ्यात, डोंगरांच्या कुशीत ते वसलेले आहे. २०२० च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे साडेचार हजार होती. १९५४ पर्यंत या गावाचे नाव मॉक चंक असे होते. लेनापे या मूळनिवासी जमातीच्या भाषेतून आलेल्या या नावाचा संबंध ‘अस्वलाचा डोंगर’ या अर्थाशी जोडला जातो. गावाने आपले शतकाहून अधिक जुने नाव का बदलले, आणि त्या निर्णयाचा येथील रेल्वेशी काय संबंध आहे, हा प्रश्न प्रस्तुत लेखाच्या मुळाशी आहे.

२. लेखाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(अ) मॉक चंक येथील रेल्वेच्या उगमाची व विकासाची कारणमीमांसा करणे.
(आ) तेथील १८८८ च्या स्थानकाचे ऐतिहासिक व वास्तुविषयक महत्त्व स्पष्ट करणे.
(इ) रेल्वेवारशातील काय टिकले, काय नष्ट झाले आणि त्यामागील कारणे कोणती, याचा शोध घेणे.

लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन प्रकाशित स्वरूपाच्या द्वितीयक साधनांवर आधारलेले आहे. या नगरात रेल्वेचा वारसा तीन वेळा नव्याने जन्माला आला : प्रथम कोळशासाठी, नंतर सहलींसाठी आणि शेवटी स्मृतीसाठी. प्रत्येक वेळी ज्या वास्तूला नवा उपयोग मिळाला ती टिकली. जिला तो वेळेवर मिळाला नाही ती गेली. या सूत्राच्या आधारे पुढील मांडणी केली आहे.

३. कोळसा, कालवा आणि उताराची रेल्वे

पूर्व पेनसिल्व्हेनियातील डोंगरांत अँथ्रासाइट जातीचा कोळसा विपुल आहे. हा कोळसा कठीण, चकचकीत आणि पेटण्यास अवघड असतो. परंतु एकदा पेटला की फारसा धूर न करता दीर्घकाळ तीव्र उष्णता देतो. १७९१ मध्ये आजच्या समिट हिल या गावाजवळ तो फिलिप गिंटर यास आढळला. कोळसा सापडला तरी त्याला बाजारपेठ नव्हती, कारण खाण डोंगरमाथ्यावर आणि ग्राहक दूर फिलाडेल्फिया शहरात होते. प्रश्न वाहतुकीचा होता.

हा प्रश्न हाती घेतला तो जोसाया व्हाइट आणि अर्स्किन हॅझर्ड या दोन उद्योजकांनी. १८१८ मध्ये त्यांनी लीहाय नदीच्या काठी मॉक चंक वसविले. शेती, बाजारपेठ किंवा देवस्थान यांच्याभोवती गाव हळूहळू वाढते, तसे येथे झाले नाही. कोळसा डोंगरावरून खाली आणून नावांत भरण्याची जागा म्हणून कंपनीने ते आखले. व्हाइटने नदीत विशिष्ट रचनेचे बंधारे बांधून पाणी अडविण्याची व योग्य वेळी एकदम सोडण्याची सोय केली. त्या लोंढ्याबरोबर कोळशाच्या नावा खाली जात. १८२० मध्ये या मार्गाने ३६५ टन कोळसा फिलाडेल्फियास पोहोचला. पुढे १८२९ मध्ये मॉक चंक ते ईस्टन असा सुमारे ४६ मैलांचा, दोन्ही दिशांनी वाहतूक करता येणारा कालवा पूर्ण झाला. या साऱ्या उद्योगाचे व्यवस्थापन लीहाय कोल अँड नेव्हिगेशन कंपनीकडे होते.

नदीचा प्रश्न सुटला तरी समिट हिलची खाण ते नदीचा काठ हे सुमारे ९ मैलांचे अंतर उरलेच होते. त्यासाठी १८२७ मध्ये लाकडी रुळांवर लोखंडी पट्ट्या ठोकून रेल्वेमार्ग तयार करण्यात आला. अमेरिकेतील सर्वांत आरंभीच्या रेल्वेमार्गांत त्याची गणना होते. या मार्गावर इंजिन नव्हते. कोळशाने भरलेले डबे केवळ उताराच्या बळावर, ब्रेक लावणाऱ्या माणसाच्या नियंत्रणाखाली, साधारण अर्ध्या तासात खाली येत. रिकामे डबे वर ओढून नेण्याचे काम खेचरे करीत आणि त्यास तीन ते चार तास लागत. ही खेचरे खाली येताना त्याच गाडीतील स्वतंत्र डब्यांत बसून येत. या प्रवासाची सवय झाल्यावर ती उतार पायी उतरण्यास नकार देऊ लागली, अशी नोंद या रेल्वेच्या वर्णनांत आढळते.

कोळशाची मागणी वाढली तशी खेचरांची गती अपुरी पडू लागली. म्हणून १८४० च्या दशकाच्या मध्यास परतीचा स्वतंत्र मार्ग बांधण्यात आला. माउंट पिस्गा या डोंगरावर २,३२२ फूट लांबीचा आणि ६६४ फूट चढाचा एक कलता मार्ग व माउंट जेफरसनवर २,०७० फूट लांबीचा आणि ४६२ फूट चढाचा दुसरा कलता मार्ग, अशी त्याची योजना होती. प्रत्येक डोंगराच्या माथ्यावर स्थिर वाफेचे इंजिन असे. लोखंडी पट्ट्यांना जोडलेली एक लहान गाडी रिकाम्या डब्यांना मागून ढकलीत वर नेई. पट्टा तुटल्यास डबे मागे घसरू नयेत म्हणून रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसविलेली असे. चढ संपला की पुढचा टप्पा पुन्हा उताराचा. अशा रीतीने चढ यंत्राने आणि उतार गुरुत्वाकर्षणाने पार करणारे एक पूर्ण वर्तुळ तयार झाले. खाणींच्या खोऱ्यात उतरणाऱ्या वाटेवर डबे नागमोडी वळणांवर दिशा बदलीत जात, त्यावरून ‘स्विचबॅक’ हे नाव रूढ झाले व पुढे संपूर्ण मार्गास लागू झाले.

४. दोन रेल्वेकंपन्यांची स्पर्धा

मॉक चंकच्या इतिहासाला दुसरे वळण दिले ते एसा पॅकर (१८०५–१८७९) याने. सुतारकाम व नौकाबांधणी या व्यवसायांतून वर आलेल्या पॅकरने कालव्यावर अवलंबून राहण्यातील मर्यादा ओळखली. हिवाळ्यात कालवा गोठे आणि वाहतूक बंद पडे. रेल्वे मात्र बारमाही चालू शकत होती. १८५० च्या दशकाच्या आरंभी त्याने एका रखडलेल्या रेल्वेप्रकल्पाची सूत्रे हाती घेतली आणि १८५५ मध्ये ईस्टन ते मॉक चंक हा लीहाय व्हॅली रेलरोडचा मार्ग सुरू झाला. ज्या कंपनीने गाव वसविले, तिच्याच कालव्याशी स्पर्धा करणारी रेल्वे त्याच नदीच्या काठाने धावू लागली.

जून १८६२ मध्ये लीहाय नदीला आलेल्या महापुराने कालव्याच्या वरच्या भागाची अपरिमित हानी केली. तो भाग पुन्हा बांधण्याऐवजी जुन्या कंपनीने आपला लीहाय अँड सस्क्वेहाना हा रेल्वेमार्ग विस्तारला. १८७१ मध्ये तो सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सी या कंपनीस भाडेपट्ट्याने देण्यात आला. परिणामी, एका अरुंद खोऱ्यात नदीच्या दोन काठांवर दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे रूळ आणि दोन स्वतंत्र स्थानके, असे दृश्य मॉक चंकमध्ये निर्माण झाले. गावाच्या आकाराच्या मानाने ही सोय मोठीच म्हणावी लागेल. परंतु ती गावाच्या लोकसंख्येसाठी नव्हती. खोऱ्यातून वाहणाऱ्या कोळशासाठी होती. कोळसा आटला की दोन मार्गांचे प्रयोजन उरणार नाही, हे या रचनेतच अंतर्भूत होते.

५. मालवाहतुकीकडून सहलीकडे

१८७२ मध्ये डोंगराखालून खोदलेला हॉटो बोगदा सुरू झाला आणि खाणीतील कोळसा सामान्य रेल्वेने थेट बाहेर जाऊ लागला. स्विचबॅक रेल्वेचे मूळ काम संपले. एखादा उद्योग निरुपयोगी ठरल्यावर त्याची सामग्री भंगारात जाते, हा सर्वसाधारण नियम आहे. येथे मात्र तसे घडले नाही. कोळशाच्या काळातही हौशी प्रवासी या गाडीत बसत असत. आता संपूर्ण मार्गच सहलींसाठी चालविला जाऊ लागला. माउंट पिस्गाच्या माथ्यावरून दिसणारे खोरे, इंजिनाविना वेगाने उतरणारी गाडी आणि दाट झाडी यांच्या आकर्षणाने न्यू यॉर्क व फिलाडेल्फिया येथून लोक येऊ लागले. मॉक चंकची ‘अमेरिकेचे स्वित्झर्लंड’ अशी जाहिरात होऊ लागली.

या रेल्वेचा प्रभाव गावापुरता मर्यादित राहिला नाही. १८८४ मध्ये लामार्कस थॉम्पसन याने न्यू यॉर्कजवळील कोनी आयलंड येथे करमणुकीची उताराची गाडी सुरू केली. तिचे नावही ‘स्विचबॅक रेल्वे’ असेच होते. आज जगभरच्या उद्यानांत दिसणाऱ्या रोलर कोस्टरच्या पूर्वजांत मॉक चंकच्या कोळसागाडीची गणना केली जाते ती याच कारणाने.

येथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. पर्यटकांना स्विचबॅकपर्यंत आणत होत्या त्या मोठ्या रेल्वेकंपन्याच. म्हणजे एक रेल्वे प्रवाशांना दुसऱ्या रेल्वेत बसण्यासाठी घेऊन येत होती. गावातील नव्या स्थानकाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते.

६. १८८८ चे स्थानक

सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सीने १८८८ मध्ये मॉक चंक येथे नवे प्रवासी स्थानक बांधले. त्याचा आराखडा विल्सन ब्रदर्स अँड कंपनी या फिलाडेल्फियातील वास्तुविशारद संस्थेचा होता. फिलाडेल्फियाचे १८८१ चे ब्रॉड स्ट्रीट स्थानक रचणारी हीच संस्था होय. महानगरातील नामांकित संस्थेकडून एका डोंगराळ गावाचे स्थानक बांधून घेतले गेले, यावरून कंपनीच्या दृष्टीने या थांब्याचे मोल ध्यानात येते.

ही इमारत क्वीन ॲन शैलीतील आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत लोकप्रिय झालेल्या या शैलीत कठोर समतोलापेक्षा विविधतेला प्राधान्य असते. बुरूज, उतरती छपरे, पुढे आलेले सज्जे आणि वेगवेगळ्या पोतांचे बांधकाम यांचा तीत मेळ घातलेला असतो. मॉक चंकच्या स्थानकात लाल विटांचे बांधकाम आणि निमुळत्या छपराचा गोल बुरूज हे घटक प्रथमदर्शनीच नजरेत भरतात. खोऱ्याच्या तळाशी बांधलेली इमारत सभोवतालच्या डोंगरांत हरवून जाण्याची शक्यता असते. बुरुजामुळे ती दुरून ओळखता येते.

इमारतीइतकेच तिचे स्थान अर्थपूर्ण आहे. स्थानकाच्या वरच्या टेकडीवर एसा पॅकरचा १८६१ मधील प्रासाद उभा आहे. स्थानकासमोरून ब्रॉडवे हा गावचा मुख्य रस्ता ओढ्याच्या अरुंद घळीतून वर चढत जातो आणि त्याच्या वरच्या टोकाकडे कार्बन काउंटीचा जुना तुरुंग आहे. प्रासाद, स्थानक आणि तुरुंग या तीन वास्तू चालत सहज पाहता येतील इतक्या अंतरावर आहेत. या तिघींचा परस्परसंबंध जाणल्याशिवाय त्यांपैकी एकीचाही इतिहास पुरा होत नाही.

७. वारशाची दुसरी बाजू : तुरुंग आणि कामगार

अँथ्रासाइटच्या खाणींत काम करणाऱ्यांत आयरिश स्थलांतरितांची संख्या मोठी होती. १८७० च्या दशकात मजुरी, कामाची धोकादायक परिस्थिती आणि कंपन्यांची दडपशाही यांवरून संघर्ष तीव्र झाला. खाणींतील अधिकाऱ्यांच्या काही हत्या झाल्या आणि त्यांचा आरोप ‘मॉली मॅग्वायर्स’ या गुप्त संघटनेवर ठेवण्यात आला. या कारवाईमागील प्रमुख व्यक्ती फ्रँकलिन गोवेन हा फिलाडेल्फिया अँड रीडिंग रेलरोडचा अध्यक्ष होता. त्याने खासगी गुप्तहेर संस्थेचा हेर कामगारांत पाठविला. कोळसा कंपन्यांचे खासगी पोलीस आणि कंपन्यांशी संबंध असलेले वकील यांचा तपासात व खटल्यांत सहभाग होता. आरोपी निर्दोष होते की नव्हते, याविषयी इतिहासकारांत आजही एकमत नाही. न्यायप्रक्रिया निःपक्षपाती नव्हती, याविषयी मात्र मोठ्या प्रमाणावर सहमती आहे.

२१ जून १८७७ रोजी एकाच दिवशी दहा जणांना फाशी देण्यात आली. त्यांपैकी चौघांना मॉक चंकच्या तुरुंगात, तर सहा जणांना पॉट्सव्हिल येथे. १८७७ ते १८७९ या काळात फाशी दिलेल्यांची एकूण संख्या वीस होती. त्यांपैकी जॉन केहो यास पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरांनी १९७९ मध्ये मरणोत्तर माफी दिली. मॉक चंकचा तुरुंग आज संग्रहालय आहे. एका कैद्याने निर्दोषत्वाची खूण म्हणून भिंतीवर उमटविलेला हाताचा ठसा पुसता पुसला जात नाही, अशी आख्यायिका तेथे सांगितली जाते.

आख्यायिकेच्या सत्यासत्यतेपेक्षा वारशाच्या अभ्यासकासाठी महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. मालकाचे घर त्याच्या सामानसुमानासह जतन झाले, प्रवाशांचे स्थानक जतन झाले. पण ज्यांच्या श्रमावर दोन्ही उभे राहिले त्यांची ठळक वास्तुरूप खूण उरली ती तुरुंगाच्या रूपाने. वास्तूंच्या आधारे इतिहास सांगताना टिकाऊ बांधकाम करण्याची ऐपत असलेल्यांचीच बाजू अधिक ऐकू येते. हा दोष जतन करणाऱ्यांच्या हेतूचा नसून साधनांच्या स्वरूपाचा आहे. म्हणूनच तो भरून काढण्याची जबाबदारी इतिहासलेखकावर येते.

८. ऱ्हास आणि नावाची देवघेव

विसाव्या शतकात घरे तापविण्यासाठी खनिज तेल व वायू यांचा वापर वाढला आणि अँथ्रासाइटची मागणी घटली. मोटारगाडीने सहलीच्या प्रवाशांनाही रेल्वेपासून दूर नेले. १९२९ नंतरच्या महामंदीत स्विचबॅक रेल्वे तग धरू शकली नाही. १९३० च्या दशकात ती बंद पडली आणि १९३७ मध्ये तिचे रूळ व यंत्रसामग्री भंगारात विकली गेली. अमेरिकेतील आद्य रेल्वेमार्गांपैकी एक, आणि पर्यटनाचे साधन म्हणून साठ वर्षे सिद्ध झालेला मार्ग, अशा रीतीने लोखंडाच्या किमतीला गेला.

यानंतरची घटना विचार करावयास लावणारी आहे. १९५० च्या दशकाच्या आरंभी गावाची आर्थिक स्थिती इतकी खालावली होती, की उद्योग आणण्यासाठी निधी उभारावा म्हणून रहिवाशांनी दर आठवड्याला पाच सेंट देण्याची मोहीम सुरू केली. स्थानिक वृत्तपत्राचे संपादक जो बॉयल हे तिचे प्रवर्तक होते. त्याच सुमारास, मार्च १९५३ मध्ये, विख्यात मूळनिवासी खेळाडू जिम थॉर्प यांचे निधन झाले. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन व डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धांत त्यांनी सुवर्णपदके मिळविली होती. पतीच्या स्मारकासाठी जागा शोधणाऱ्या त्यांच्या पत्नीशी गावाने करार केला. १९५४ मध्ये मॉक चंक व पूर्व मॉक चंक ही दोन गावे एकत्र होऊन त्यांनी ‘जिम थॉर्प’ हे नाव धारण केले आणि खेळाडूचे अवशेष तेथे आणण्यात आले. थॉर्प यांचे शिक्षण पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे झाले असले, तरी या गावाशी त्यांचा हयातीत संबंध नव्हता.

स्मारकामुळे अपेक्षित असलेली भरभराट झाली नाही. पुढे थॉर्प यांच्या पुत्रांनी अवशेष ओक्लाहोमातील वंशभूमीत नेण्यासाठी २०१० मध्ये सुरू झालेला खटला चालविला. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने गावाच्या बाजूने निर्णय दिला आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. कायद्याने प्रश्न मिटला असला, तरी नैतिक प्रश्न अनुत्तरित आहे.

रेल्वेवारशाच्या दृष्टीने १९३७ आणि १९५४ ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहिली पाहिजेत. ज्या गावाने आपले जगावेगळे आकर्षण भंगारात जाऊ दिले, त्याच गावाला सतरा वर्षांनी पाहुण्यांना खेचण्यासाठी एका परक्या माणसाची समाधी आणि त्याचे नाव स्वीकारावे लागले. १९३७ मध्ये रुळांना किंमत होती. स्मृतीलाही अर्थमूल्य असते, ही जाणीव अद्याप झालेली नव्हती.

९. जतन आणि पुनरुपयोग

लीहाय व्हॅली रेलरोडची प्रवासी वाहतूक फेब्रुवारी १९६१ मध्ये संपुष्टात आली. सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सीने १९६७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली व १९७२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील आपला कारभार आवरला. १ एप्रिल १९७६ रोजी ईशान्य अमेरिकेतील अनेक दिवाळखोर रेल्वेकंपन्या कॉनरेल या नव्या संस्थेत विलीन झाल्या. दरम्यान न्यू यॉर्कचे भव्य पेनसिल्व्हेनिया स्थानक १९६३ पासून पाडण्यात आले व त्याविरुद्ध देशभर तीव्र प्रतिक्रिया उमटली. ऐतिहासिक वास्तुसंरक्षणाचा राष्ट्रीय कायदा १९६६ मध्ये संमत झाला, त्यामागील कारणांत ही प्रतिक्रियाही होती.

या कायद्याने ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय सूची अस्तित्वात आली. सूचीत नोंद झाली म्हणजे वास्तू पाडता येत नाही, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. केवळ नोंदीमुळे खासगी मालकावर बंधन येत नाही. मात्र केंद्र शासनाच्या निधीतून किंवा परवान्याने होणाऱ्या कामाचा वास्तूवर काय परिणाम होईल, याची आधी तपासणी करावी लागते. तसेच काही करसवलती व अनुदाने मिळण्याची वाट मोकळी होते. मॉक चंकचे १८८८ चे स्थानक आणि स्विचबॅक रेल्वेचा मार्ग या दोहोंची नोंद १९७६ मध्ये झाली. स्थानक उभे होते. स्विचबॅकच्या बाबतीत मात्र सूचीने ज्याची दखल घेतली तो रुळांविना उरलेला मार्ग होता. जुन्या गावाचा भाग १९७७ मध्ये सूचीत समाविष्ट झाला. पॅकरचा प्रासाद त्याच्या कन्येने गावाच्या स्वाधीन केला होता. १९५६ पासून तो लोकांसाठी खुला असून १९८५ मध्ये त्यास राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला.

स्थानक टिकण्याचे कारण केवळ ही नोंद नव्हे. ते अभ्यागतांचे माहिती केंद्र झाले आणि तेथून सहलीच्या गाड्या सुटू लागल्या. कॉनरेलकडील या भागातील मार्ग १९९६ मध्ये रीडिंग, ब्लू माउंटन अँड नॉर्दर्न या खासगी कंपनीकडे आला. २००० च्या दशकाच्या मध्यापासून ‘लीहाय गॉर्ज सीनिक रेल्वे’ या नावाने नदीच्या घळीतून सुमारे १६ मैलांची जाऊन-येऊन फेरी चालविली जाते. २०२२ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा रुळावर आलेले २१०२ क्रमांकाचे वाफेचे इंजिनही रीडिंगहून प्रवाशांना घेऊन येथे येते. त्याच रुळांवर मालवाहतूकही चालू आहे. नदीपलीकडचे लीहाय व्हॅलीचे स्थानक मात्र आज अस्तित्वात नाही. स्विचबॅकची वाट पादचारी व सायकलस्वारांसाठी खुली आहे. कालवा आणि रेल्वे यांच्या एकत्रित इतिहासाला १९८८ मध्ये राष्ट्रीय वारसा पट्ट्याचा दर्जा मिळाला असून त्यातून सुमारे १६५ मैलांचा पायमार्ग विकसित करण्यात येत आहे.

या व्यवस्थेतील नाजूकपणा २०१९ मध्ये उघड झाला. करमणूक कराच्या आकारणीवरून नगरपालिका व रेल्वेकंपनी यांच्यात वाद झाला आणि कंपनीने जिम थॉर्प येथून सहलीच्या गाड्या बंद करण्याची घोषणा केली. २०२० मध्ये तडजोड होऊन गाड्या पुन्हा सुरू झाल्या. गर्दीमुळे रस्ते, वाहनतळ व सफाई यांवर पडणारा भार नगरपालिकेला सोसावा लागतो, तर त्याच गर्दीवर दुकाने व उपाहारगृहे चालतात. वारशाचा खर्च कोणी करावा आणि लाभ कोणाला व्हावा, हा जुनाच प्रश्न येथे कराच्या रूपाने पुढे आला. रेल्वेवर विसंबून राहण्याची १८५५ मधील गावाची स्थिती आणि २०१९ मधील स्थिती यांत कोळशाच्या जागी पर्यटक आले, एवढाच काय तो फरक.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१) मॉक चंक येथील रेल्वेचा उगम भूरचनेत आहे. डोंगरमाथ्यावरील खाण आणि पायथ्याची नदी यांतील उतार हेच तिचे मूळ इंधन होते.

२) रेल्वेवास्तूचे टिकणे हे तिच्या प्राचीनत्वापेक्षा तिला वेळेवर मिळालेल्या नव्या उपयोगावर अधिक अवलंबून असते. स्विचबॅक १८७२ मध्ये तगली ती सहलींमुळे. १९३७ मध्ये तिला तिसरा उपयोग मिळाला नाही. स्थानकाला तो मिळाला.

३) शासकीय सूचीतील नोंद ही जतनाची सुरुवात असते. नोंद, उपयोग आणि खर्चाची न्याय्य वाटणी या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच जतन चिरस्थायी होते.

४) उरलेल्या वास्तू मालक व प्रवासी यांची बाजू अधिक सांगतात. खाणकामगार, ब्रेक लावणारे, रूळ घालणारे यांचा इतिहास न्यायालयीन नोंदी, वृत्तपत्रे व कौटुंबिक आठवणी यांतून स्वतंत्रपणे मांडावा लागतो.

१९३७ मध्ये स्विचबॅकचे रूळ उखडणाऱ्यांनी काही गैर केले, असे त्यांना वाटले नसावे. ती रेल्वे तोट्यात होती आणि महामंदीच्या दिवसांत लोखंडाला रोख किंमत होती. वारशाची हानी बहुधा अशाच सुजाण वाटणाऱ्या निर्णयांतून होते. त्या निर्णयाची खरी किंमत मॉक चंकला कळली ती १९५४ मध्ये, स्वतःचे नाव देऊन. आज पर्यटक १८८८ च्या स्थानकासमोर उतरतात, ब्रॉडवेने वर चालत तुरुंगापर्यंत जातात आणि माउंट पिस्गाच्या दिशेने पाहतात. तेथे चढत जाणारी गाडी आता नाही. ती का नाही, हे त्यांना सांगणे हाही त्या स्थानकाच्या जतनाचाच एक भाग मानला पाहिजे.